पेंडीच्या गोदामातला बॉल

गहिनीनाथ हवालदार म्हणून फौजेतून सुटला आणि मेजर म्हणून गावात उतरला. मधल्या सगळ्या पायऱ्या त्याला सरकारनं नाही, फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं चढवल्या. एस.टी.च्या टपावरून काळी ट्रंक खाली आली तसा हॉटेलवाला ओरडला, "या मेजर, च्या घ्या!" गहिनीनाथनं च्या घेतला, दुरुस्ती केली नाही. पुढंही कधी केली नाही. एवढी एक बाब सोडली तर माणूस सरळ. मिशा तेवढ्या वाकड्या, आणि त्या वाकड्या राहाव्यात म्हणून घरातलं तूप कसं संपतं हे त्याची बायको मनकर्णा पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकवायची.

आमचं गाव युसूफ वडगावच्या अंगाला. गावात दूध संस्था नवीच निघालेली. चेअरमन विठ्ठलराव, म्हणजे अर्धं शिवार ज्यांचं ते. त्यांनी मेजरला दूध मापायला बसवलं आणि संस्थेची छावणी झाली. पहाटे बायामाणसं किटल्या घेऊन आली की मेजर त्यांना एका रांगेत उभं करायचा. कुणाची किटली रांगेबाहेर दिसली की, "भिवराबाई, कदम मिलाव!" दुधात पाणी असलं तर भांडायचा नाही. दूध वर धरून एवढंच म्हणायचा, "ही म्हैस विहिरीत बसून दूध देती वाटतं." दुसऱ्या दिवशी म्हैस विहिरीतून बाहेर आलेली असायची.

फौजेतला माणूस भेटला की लोक लढाईचं विचारतात. मेजरला विचारलं तर तो लढाई दोन वाक्यांत उरकायचा आणि बॉलवर यायचा. कारण तो पलटणीत राहिला वीस वर्षं, पण त्यातली बहुतेक अफसरांच्या मेसमध्ये. पलटण जिथं असेल तिथं, पलटण उभी राहिली त्या दिवसाची आठवण म्हणून, दरसाल मेसमध्ये बॉल, म्हणजे साहेबलोकांचा नाच, व्हायचा. आधी फरशीला मेण चोळायचं. मग एका जवानाला कांबळ्यावर बसवून बाकीच्यांनी हॉलभर ओढायचं, म्हणजे फरशीत तोंड दिसायला लागतं. वरून अंगाची पावडर शिंपडायची, म्हणजे मेमसाहेबांचे पाय सरकतात, पण घसरत नाहीत. मग बँड, आणि अफसर आपापल्या बायकांच्या कोपरात कोपर घालून आत येतात, आणि नाचतात.

"आपल्याच बायकूसंगं?" संस्थेच्या ओट्यावर छबुबाईनं विचारलं होतं. छबुबाई म्हणजे आमच्या गावचं रेडिओ स्टेशन. फक्त याला लाईट गेल्याची अडचण नाही.

"पयला नाच आपल्या. मंग दुसऱ्याच्या."

"अगं बया! आन तिच्या नवऱ्याला चालतंय?"

"त्याची परवानगी घेत्यात."

"आन तिची?"

मेजरनं मिशीला पीळ दिला. "तिला इंग्रजीत विचारत्यात. मला कळायचं न्हाई."

"आन तुमी कुणाबरुबर नाचायचे, मेजर?"

"मी दारात. दार मी धरायचो. जोडी आली की दार उघडायचं, सलाम मारायचा."

लोक हसले आणि उठून गेले. पण मेजरच्या मनात कुठली गाठ बसली होती ती त्याच्या त्या शेवटच्या वाक्यात होती. वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या जोड्यांसाठी दार धरलं. त्या दारातून हातात हात घालून आत जाणं काय असतं ते त्याला एकदा बघायचं होतं. तेही दुसऱ्या कुणाबरोबर नाही. तो तिकडं दार धरून उभा असताना इकडं ज्या बाईनं त्याच्या आईची बोलणी खाल्ली, म्हशी सांभाळल्या आणि पोरी उजवल्या, तिच्याबरोबर. मनकर्णानं आपल्या हाताला धरून चारचौघांत एका दारातून आत यावं, एवढाच त्याचा हट्ट.

ऐकायला सोपं वाटतं. पण आमच्याकडं नवरा-बायकोनं रस्त्यानं कसं चालायचं याची रीत ठरलेली. नवरा पुढं, बायको मागं, आणि मधून बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी. लग्न जितकं जुनं तितकी ती जागा जास्त. मेजर बाजारात पोचायचा तेव्हा मनकर्णा अजून ओढा ओलांडत असायची. कुणी विचारलं, "एकटेच आले का मेजर?" तर म्हणायचा, "न्हाई, जोडीनं आलोय." विचारणारा बिचारा रस्त्याकडं बघत बसायचा.

दरसाल माघात पलटणीचा दिवस यायचा. आसपासच्या गावांतले त्याच पलटणीतले पाच-सहा जुने जवान मेजरच्या अंगणात जमायचे. त्यात आमच्याच गावच्या बौद्धवस्तीतला शहादेव मेजरचा जिवाचा दोस्त. दोघांचं पलटणीत ताट एक, विडी एक. कोटावर पदकं लावून बसायचं, बोकड कापायचा, कँटीनची रम घ्यायची, आणि उलट्या पातेल्यावर ताल धरून आपसात नाचायचं. याला मेजर बॉल म्हणायचा. मनकर्णा त्याला पिणं म्हणायची. स्वैपाक करून ती शेजारी जाऊन बसायची.

मग दुष्काळाचं लागोपाठ दुसरं साल आलं. म्हशी बाजाराला गेल्या, किटल्या उपड्या पडल्या. दूध संस्थेचं पेंडीचं गोदाम रिकामं. खाली नवीकोरी शहाबादी फरशी, वर उंदीरसुद्धा नाही. गावची लग्नं पुढं ढकललेली, त्यामुळं पंडितचा बँड घरात बसून होता. ताशावर त्याच्या बायकोनं कुरडया वाळत घातल्या होत्या. मेजरनं हे सगळं बघितलं आणि ठरवलं, यंदा बॉल गोदामात. बँडसकट. आणि बायकांसकट.

विठ्ठलराव ऐकून उडालेच. "मेजर, लोकं पाझर तलावावर खडी फोडायलेत आन तुमी संस्थेच्या गोदामात नाच लावता? पेपरात आलं म्हंजे?"

"नाच न्हाई चेअरमनसाब. पलटणीचा दिवस हाय. दुष्काळात पलटण बरखास्त होत न्हाई."

विठ्ठलरावांनी विचार केला. इलेक्शन जवळ होतं, आणि फौजी माणसाला नाही म्हणालं तर वाईट दिसतं. "मग असं करू. दारावर 'सैनिक सन्मान मेळावा' असा बोर्ड लावू. मी चार शब्द बोलतो."

"मंजूर. पण आत यायचं ते जोडीनं. असा कायदा हाय."

"म्हणजे हिला आणू?" विठ्ठलरावांनी घराकडं असं बघितलं, जसं तिथं कुणी राहतं हे आत्ताच कळलं. आतून केसरबाईंचा आवाज आला, "मी येणार!" बाई दाराआडच उभ्या होत्या. तिकडून सगळ्या मीटिंगा त्या ऐकायच्या.

तर चेअरमन मानले, पंडित एका जेवणावर मानला, शहादेवची सरूबाई तर विचारायच्या आधीच मानली. राहिली मनकर्णा.

"मी न्हाई येणार," ती म्हणाली.

"कावून?"

"तुमी मारे पदकं लावून याल. आन मी तुमच्या कोपराला लोंबकळत? जावई काय म्हणतील? या वयाला लोकं देवाचं नाव घेत्यात."

"अगं, ते बी घे. चालता चालता घे."

"न्हाई म्हणलं ना."

आमची आणि मेजरची भिंत एकच, आणि तिला वरच्या बाजूला खिंडार. म्हणून हे संभाषण मला कळलं. मुद्दाम कान लावायची गरज पडत नाही. चार-पाच दिवस मेजरनं विनवण्या केल्या, रुसून पाहिलं, एक दिवस जेवला नाही. मनकर्णानं त्याच्या वाटची भाकरी कुत्र्याला घातली.

मग पावडरीचं प्रकरण झालं.

मेजर केजला गेला आणि दुकानातून पावडरीचे डबे घेतले. एक नाही, पिशवी भरून. परतीच्या एस.टी.त नेमकी त्याच्या मागच्या बाकावर छबुबाई. तिनं पिशवीत बघितलं, मग मेजरच्या मिशांकडं बघितलं, आणि गावात उतरेपर्यंत तिची बातमी तयार झाली होती: मेजरनं कुणीतरी ठेवली. संध्याकाळपर्यंत ती बाई दिंद्रुडची ठरली. दुसऱ्या दिवशी ती गोरी झाली. तिसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आमच्या गावचा ट्रकवाला जेवायला थांबला तर तिथं तिला मुलगा झालेला होता. मला लोकांनी विचारलं तेव्हा मी नुसता हसलो. नुसतं हसलं की ज्याला जे हवं ते तो समजतो, आणि आपल्यावर काही येत नाही.

मनकर्णाला सगळ्यात शेवटी कळलं. तिनं भाकरी थापता थापता विचारलं, पण थापेचा आवाज आमच्या अंगणात दणदण येत होता.

"कोण हाय ती?"

"कोण?"

"जिला पावडर लागती ती."

"फरशी."

"नाव तरी काय ठिवलंय मेलीच्या आईबापानं!"

"आगं, गोदामाची फरशी! बॉलची! तिच्यावर शिंपडायला आणलीय."

थापा थांबल्या. मला वाटलं, मिटलं.

"फरशीला पावडर," मनकर्णा म्हणाली. "माझं लगीन झाल्यापासून मला एक डबी तरी आणली का कवा?"

"तू कवा मागितली?"

"फरशीनं मागितलती का?"

पुन्हा एक थाप दणदिशी पडली.

"येते मी," मनकर्णा म्हणाली. "नाचायला न्हाई. सवत कशी दिसती ते बघाया."

दुसऱ्या दिवसापासून मेजरची चाल बदलली. गोदामाला आतून कडी लावून तो आणि शहादेव कामाला लागले. फटीतून मी बघितलं: शहादेव पोत्यावर मांडी घालून बसलाय, आणि पदकवाला मेजर त्याला दोरीनं गोदामभर ओढतोय. "जरा भार टाक बे! फुलावानी काय बसतूस!" "बसलोय की! दुष्काळात भार आणू कुठून?" मेण मिळालं नाही म्हणून देवळातल्या समईचं तेल पुसून घेतलं होतं. पण फरशी चमकली, हे खरं.

दिवस उगवला. दुपार कलली तशी मेजरच्या दारासमोर सहा जोड्या उभ्या राहिल्या. पाच पलटणीच्या, सहावी चेअरमनची. पुरुषांच्या कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास. विठ्ठलरावांकडं पदक नव्हतं म्हणून त्यांनी कारखान्याच्या शेअरहोल्डर मेळाव्याचा बिल्ला लावला होता. मनकर्णानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, आणि चेहरा असा, जसं तिला कुणी चावडीवर बोलावलंय.

मेजरनं शिकवलं, "आमी कोपर असं करणार. तुमी त्यात हात घालायचा. बास."

सरूबाईनं पटकन हात घातला आणि शहादेवला म्हणाली, "हालू नका. वेलाला मांडव मिळाल्यावानी वाटतंय." केसरबाईंनी दोन बोटांनी धरलं, जसं कुणाचं ओलं धोतर धरावं. मनकर्णानं पदर दातात धरून, दुसरीकडं बघत, हात आत सारला. मेजरच्या मिशा थरथरल्या. मी बघितल्या.

पंडितनं बँड सुरू केला आणि तिथंच घोटाळा झाला.

बँड वाजला की फौजी माणसाचं डोकं बंद पडतं आणि पाय चालू होतात. पाचही जणांनी डावा पाय उचलला आणि पलटणीच्या मापाची ढांग टाकली. नऊवारीतल्या बायकांना ती ढांग कुठली झेपायला? एकेक हात सुटला. सुटला तो सुटला, आणि मग बाया जन्मभर चालत आल्या तशा मागून चालायला लागल्या. पुरुषांना पत्ताच नाही. छात्या पुढं, नजर समोर, कोपरं बाहेर काढलेली, आणि कोपरात काही नाही. चेअरमनसुद्धा त्यांच्या नादानं दणादण पाय आपटत होते. ग्रामपंचायतीपाशी अख्खं गाव उभं होतं. तिथं छबुबाई ओरडली:

"मेजर, कोपरात वारा धरलाय का?"

मेजरनं मान वळवली. मनकर्णा मागं होती. नेहमीइतकीच मागं. मधून खरोखर एक बैलगाडी आडवी चालली होती.

गाव खो खो हसलं. मेजरचा चेहरा असा उतरला की माझंही हसू अर्ध्यात थांबलं. पण गडी शेवटी हवालदार. त्यानं गर्जना केली, "परेड, थम! पीछे मुड!"

पाचजण गर्रकन मागं फिरले, चेअरमन उलट्या बाजूनं फिरून शहादेववर आदळले, आणि सगळी फौज बायकांच्या दिशेनं चालून निघाली. पंडितला हा हुकूम माहीत नव्हता. तो बँड घेऊन सरळ गोदामावर गेला आणि रिकाम्या दारापुढं वाजवत राहिला. इकडं बायकांनी बघितलं, पुरुष तर घराकडं निघाले. केसरबाई म्हणाल्या, "झाला वाटतं बॉल. बराय, लवकर उरकला." आणि त्याही वळल्या. म्हणजे आता बायका पुढं, पुरुष मागं, बँड तिसरीकडं, आणि पलटणीचा दिवस भलत्याच दिशेला चाललेला.

आधी थांबली ती मनकर्णा. "पळताय कुठं गं? आपलीच माणसं हायेत." ती रस्त्याच्या मध्यात उभी राहिली. मेजर घामाघूम होऊन तिच्यासमोर आला.

"मनकर्णा, मला वाटलं तू हायेस," एवढंच म्हणाला.

"व्हते की. मागं." तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. काय दिसलं देव जाणे. मग तिनं दातातला पदर सोडला, खोचला, आणि त्याच्या कोटाची बाही मुठीत पकडली. दोन बोटांनी नाही, दावं धरतात तशी. "आता बारकी पावलं टाका. बँड काय वाजवायचा त्यो वाजवू द्या. तुमी माझ्याकडं बघून चाला."

आणि गहिनीनाथ मेजर, ज्याच्या ढांगेवर पलटणीनं परेडी केल्या, तो लुगड्याच्या चालीनं टुकूटुकू चालत गोदामापर्यंत आला. बाकीच्या जोड्या त्यांच्या मागं. आता कुणी हसत नव्हतं. छबुबाईनं तर डोळ्याला पदर लावला. पण ती लग्नातही मुलाकडच्या बाजूनं रडते, तिचं काही खरं नाही.

दार आलं. इथं तरी सगळं नीट व्हावं की नाही? पण दार दिसलं आणि वीस वर्षांची सवय उसळली. मेजरनं मनकर्णाचा हात सोडला, पुढं उडी मारली, दार उघडून धरलं, टाचा जुळवल्या आणि सलाम ठोकला. शहादेव-सरूबाई आत गेले. चेअरमन-केसरबाई आत गेले. एकेक जोडी आत गेली, मागोमाग पंडितचा बँडही. मेजर दार धरून ताठ. आणि बाहेर, बोर्डाखाली, मनकर्णा एकटी.

मेजरच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा सलामाचा हात हवेतच राहिला. दार सोडावं तर ते वाऱ्यानं धाडकन मिटतं, त्याची बिजागरीच तशी. धरून ठेवावं तर बायको बाहेर.

मनकर्णानं इकडं तिकडं बघितलं. भिंतीच्या कडेला एक धोंडा पडला होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, आणून दाराच्या बुडाशी ठेवला आणि हात झटकले.

"दार धरायला धोंडा पुरतो," ती म्हणाली. "त्याला माणूस कशाला लागतंय? या इकडं."

मेजर बाहेर आला. तिच्या शेजारी उभा राहिला. कोपर काढलं. तिनं हात घातला. आणि दोघं त्या दारातून आत गेले. सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात सावकाश.

आत पंडित मिरवणुकीतली गाणी वाजवत होता, त्याला दुसरी येत नव्हती. गॅसबत्त्या लावलेल्या, पावडरीचा वास घमघमलेला, सहा जोड्या फरशीवर खांबासारख्या उभ्या, आणि दाराखिडक्यांत गाव.

"हीच का ती?" मनकर्णानं फरशीवर अंगठा फिरवला. "गुळगुळीत हाय. आता काय करायचं असतंय?"

"नाचायचं."

"दावा की. कसं?"

मेजरनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. "मला काय म्हाईत? मी दारात असायचो. नजर समोर ठेवायचा हुकूम. नाच पाठीमागं चालायचा."

पंडितच्या क्लॅरिनेटवाल्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. वीस वर्षं बॉलचं दार धरणाऱ्यानं बॉल बघितलाच नव्हता! मी म्हणलं, झालं, आता हे संस्थेच्या ओट्यावर म्हातारं होईपर्यंत पुरेल.

पण मनकर्णा हसली. पोट धरून, मागं झुकून हसली. घरात एवढं हसताना मी तिला भिंतीवरून कधी ऐकलं नव्हतं. हसणं सरल्यावर तिनं चपला काढून कडेला ठेवल्या, लुगडं जरा वर खोचलं आणि दोन्ही हात पुढं केले. एकावर एक, फुली मारून.

"धरा. पंचमीला पोरी धरत्यात तसं. पाय जवळ, अंग मागं."

"फुगडी?"

"तुमच्या सायबांच्या बायकांना येती का?"

"न्हाई."

"मंग धरा."

त्यानं हात धरले. पहिली चक्कर जड गेली, दुसरी जरा सुटली, आणि मग पावडरीच्या फरशीवर पाय जे सरकले ते सरकतच राहिले. पदकं खुळखुळायला लागली, हिरवं लुगडं गरगरलं, मिशांचं वळण उडालं. सरूबाईनं शहादेवला ओढलं. केसरबाईंनी चेअरमनच्या हातातला भाषणाचा कागद घेतला, घडी करून कमरेला खोचला आणि त्यांचे दोन्ही हात धरले. पंडितला आता जोर चढला होता.

"पुरं गं," मेजर धापा टाकत म्हणाला. "गोदाम फिरायलंय. पडंन मी."

"पडा की. उचलायला मी हाय," मनकर्णा म्हणाली, आणि तिनं वेग वाढवला.